दीपस्तंभाला पायऱ्या किती

आमच्या घरात परक्या माणसाला फार मान आहे. तुम्ही परके असाल आणि तुम्हाला कुठून तरी कुठे तरी जायचं असेल, तर आमचे हे तुमच्यासाठी भरल्या ताटावरून उठतील. मी मात्र सकाळी विचारलं, की अहो, नेलकटर कुठे ठेवलंत, तर उत्तर येतं, बघ तिथेच कुठेतरी. तिथेच म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नाही. छत्तीस वर्षं मी 'तिथेच कुठेतरी' शोधते आहे.

यांनी चौतीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकी क्रमांक तीन. काचेला तळहाताएवढं भोक, त्याला तोंड लावून लोक विचारायचे आणि हे सांगायचे. गाडी कोणती, फलाट कोणता, कुठे उतरून पुढची कुठली धरायची, मधे जेवायला वेळ मिळेल का. सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने घरात असे फिरत होते, की यांनाच कोणीतरी चुकीच्या फलाटावर पाठवलंय असं वाटावं. डबे उघडून बघायचे, बंद करायचे. मला कुकरच्या शिट्ट्यांचं वेळापत्रक विचारायचे. शेवटी माझीच शुद्ध हरपायची वेळ आली, तेव्हा धाकट्या लेकीने बापाला इंटरनेटवर प्रवाशांचा एक जुना कट्टा शोधून दिला.

कट्टा म्हणजे अगदी साधा. लोक प्रश्न लिहितात, ज्याला माहीत असेल तो खाली उत्तर लिहितो. ना फोटो, ना गाणी. तिथे कोणी खरं नाव लावत नाही. यांनी 'खिडकी तीन' हे नाव घेतलं आणि फ्रिज आणि जेवणाचं टेबल यांच्या मधल्या कोपऱ्यात दुकान थाटलं. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. घरातल्या घरात शर्ट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, समोर माणूस असतो.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवते आणि उरलेल्या वेळात फोनवर रील बघते. ती यांना चिडवायची, की बाबा, तो कट्टा म्हणजे बंद पडलेलं थिएटर आहे, तुम्ही एकटेच दारात तिकिटं फाडत उभे आहात. लोक आता प्रवासाचं सगळं रीलवर बघतात. हे शांतपणे म्हणायचे, रील बघून लोकांना जावंसं वाटतं गं, पण जायचं कसं ते विचारायला माझ्याकडेच येतात. आणि ते खरंच होतं. एकदा कोणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकून विचारलं, हे कुठे आहे. पन्नास जणांनी पन्नास नावं सांगितली. यांनी तो व्हिडिओ वीस वेळा थांबवून बघितला, कडेला अर्धा सेकंद एका बसथांब्याचं छप्पर दिसत होतं, त्याच्या रंगावरून थांबा ओळखला आणि गाडीच्या वेळेसकट उत्तर दिलं. त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त गेले.

यांचे खिडकीतले दोन नियम होते, ते कट्ट्यावरही चालू राहिले. प्रवाशाला का जाताय ते विचारायचं नाही. आणि अंदाजाने सांगायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, मग माहिती काढायची आणि नंतर सांगायचं. अंदाजाने सांगणाऱ्या माणसाचा यांना जेवढा राग येतो, तेवढा चोराचाही येत नाही.

आता माझं ऐका. मी पडदे शिवायचे. नुसते शिवायचे नाही, लोकांच्या घरी जाऊन स्टुलावर चढून खिडक्या मोजायच्या, मग फरशीवर गुडघे टेकून कापड पसरायचं, कापायचं, दुमडायचं. तीस वर्षं फरशीवर गुडघे घासल्यावर काय होणार? डावा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची नऊ तारीख दिली ऑपरेशनला. वर प्रेमाने सांगितलं, की मावशी, त्यानंतर सपाट रस्त्यावर छान चालाल, पण डोंगर, किल्ले, उंच जिने यांचा नाद आता सोडा.

नाद कसला, मी कधी चढलेच नव्हते. मला एकच ठिकाण बघायचं होतं. इथून चार तास बसने, मग पाऊण तास बोटीने, एक बेट आहे आणि त्यावर दीपस्तंभ. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात यांनी मला खिडकीच्या आत बोलावून भिंतीवरचं त्याचं चित्र दाखवलं होतं आणि म्हणाले होते, इथे जाऊ एकदा. मी वाट बघत राहिले. आधी सासूबाईंचं आजारपण, मग दोन मुली, मग यांच्या ड्युट्या, माझे पडदे. ते सगळं मला मान्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता? थोरली तिच्या घरी सुखात आहे, धाकटी कमावते आहे, हे रिकामे आहेत. मी विचारलं की म्हणायचे, बघू. यांच्या बघूचा अर्थ मला पाठ आहे. कधी म्हणे गर्दी असते, कधी म्हणे बोटीत डिझेलचा वास येतो, कधी म्हणे आता कशाला, फोटोत दिसतो की. नऊ तारखेच्या आधी नाही गेलो तर मग कधीच नाही, हे यांना कळत नव्हतं असं नाही. कळून न कळल्यासारखं करत होते, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

म्हटलं, जाऊ दे, आपणच माहिती काढू. मला एकच गोष्ट हवी होती: धक्क्यावर उतरल्यापासून दीपस्तंभाच्या दारापर्यंत पायऱ्या किती. धाकटीने रविवारी शेजारी बसवून मला रीलं दाखवली. एक मुलगी पिवळा फ्रॉक घालून वरच्या चौथऱ्यावर गोल गोल फिरतेय. दुसरी निळा फ्रॉक घालून तिथेच गोल गोल फिरतेय. एक मुलगा सांगतोय, इथे येऊन करायच्या पाच गोष्टी, आणि त्यातली पहिली म्हणजे त्याला फॉलो करा. एकही माणूस पायऱ्या चढताना दिसेना. सगळे जणू आकाशातून तिथे टपकले होते. मी धाकटीकडून शिकून त्या पिवळ्या फ्रॉकवालीला खाली लिहिलं, ताई, पायऱ्या किती आहेत? तिने बदाम पाठवला. आणि एका माणसाने गुडघ्यावर चोळायच्या तेलाची जाहिरात पाठवली.

मग धाकटीने प्रवासवेड्या लोकांच्या मोठ्या ग्रुपवर माझा प्रश्न टाकला. तासाभरात एकशे चाळीस उत्तरं. कोणी म्हणे नव्वद, कोणी म्हणे सहाशे. कोणी म्हणे मोजल्या नाहीत काकू, वय मनात असतं. अरे बाबा, माझं वय मनात नाही, डाव्या गुडघ्यात आहे. एकाने लिहिलं, या वयात घरी बसून देवाचं नाव घ्यावं. त्याला मी जे उत्तर लिहिलं ते धाकटीने पाठवू दिलं नाही.

त्या दुपारी मी खोलीत पलंगावर पाय लांब करून बसले होते आणि बाहेरून यांच्या टाइप करण्याचा आवाज येत होता. एका बोटाने टाइप करतात, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. आणि माझ्या डोक्यात आलं, की अख्ख्या दुनियेत अंदाजाने न सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे, तो भिंतीपलीकडे बसलाय, आणि त्याच्याकडून उत्तर मिळवायचं तर एकच अट आहे. आपण परकं असायला हवं.

मी फोनवरून कट्ट्यावर खातं काढलं. नाव घेतलं 'पहिलीच खेप'. आणि लिहिलं: मी एकसष्ट वर्षांची आहे. डावा गुडघा खराब आहे. बेटावरच्या दीपस्तंभापर्यंत धक्क्यापासून पायऱ्या किती, एका पायरीची उंची किती, आणि चढताना कठडा डावीकडे आहे की उजवीकडे?

पाठवलं, आणि बाहेरचा टकटक आवाज थांबला. मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी उत्तर: "ताई, नमस्कार. आपला प्रश्न अतिशय नेमका आहे. मला खात्रीची माहिती नाही. काढून कळवतो. तोपर्यंत कोणाच्या अंदाजावर निघू नये ही विनंती."

आपला. विनंती. मी ते तीनदा वाचलं.

पुढचे चार दिवस हा माणूस झपाटला होता. बंदराच्या कार्यालयात फोन केला, तिथे कोणी उचलेना. कट्ट्यावरचे जुने धागे, म्हणजे प्रश्नोत्तरं, उकरून काढली. बारा वर्षांपूर्वी एकाने दोनशे चौदा लिहिलं होतं, पण दुसऱ्याने खाली लिहिलं होतं की मधला भाग वादळानंतर नव्याने बांधलाय. जेवताना हे मला सांगायला लागले, की एक बाई आहेत, काय सुंदर प्रश्न विचारतात. लोकांना प्रश्नच विचारता येत नाहीत गं, आयुष्यभर बघितलं मी, पण या बाई म्हणजे माप घेऊन विचारतात. मी मान खाली घालून भात कालवत होते. तीस वर्षं पडद्यांची मापं घेतली आहेत मी, येणारच की. मनातून फुलून आले होते आणि मनातूनच जळतही होते. छत्तीस वर्षांत माझ्या एकाही प्रश्नाचं असं कौतुक झालेलं नव्हतं.

मला चेवच चढला. रोज दुपारी एकेक प्रश्न टाकायला लागले. वाटेत टेकायला बाक आहे का? बोटीतून धक्क्यावर उतरताना पाय किती उंच उचलावा लागतो? माझा डाव साधा होता. या प्रश्नांची उत्तरं इथे बसून मिळणारच नाहीत, आणि प्रश्नाला उत्तर न देता राहणं यांना जमणार नाही, म्हणजे एक दिवस हे म्हणणार, चल गं, आपणच जाऊन बघू. धाकटीला सांगितलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. म्हणाली, आई, तू बाबांना फसवते आहेस. मी म्हटलं, फसवत नाही, मी चौकशी करतेय. चौकशीला बंदी आहे का?

आणि डाव लागला. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, मी उद्या दीपस्तंभाला जाऊन येतो म्हणतोय.

मी कप ठेवला आणि उठलेच, कपाटावरची बॅग काढायला. कोणत्या साड्या, कोणती औषधं, सगळं डोक्यात आलं. तर मागून आवाज, अगं तू नाही, मी एकटाच. तू बस घरी पाय वर घेऊन. त्या बाईंना माहिती हवी आहे, ती घेऊन परवा येतो मी परत.

म्हणजे बघा. माझ्यासाठी जो माणूस छत्तीस वर्षांत उठला नाही, तो एका बाईच्या चार ओळींसाठी बोटीत बसायला निघाला होता. आता बोटीतल्या डिझेलचा वास येत नव्हता वाटतं. आणि ती बाई कोण, तर मीच. मी माझी मीच सवत होऊन बसले होते, आणि दाद मागायची तर कोणाकडे मागणार? भांडी घासताना मी इतकी आदळआपट केली, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काय पडलं म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, आई, सरळ सांगून टाक. मी म्हटलं, अजिबात नाही. सांगितलं तर येतील, पण मी यांना पकडलं म्हणून येतील. मला तसं यायला नको आहे. एवढं बोलून मी तिला दुकानात पिटाळलं.

मग खोलीत जाऊन दार लावलं आणि कट्ट्यावर लिहिलं. राग आवरून लिहिलं, तरी थोडा सांडलाच. "माझ्यासारख्या परक्या बाईसाठी आपण एवढी तसदी घेऊ नये. आपल्या घरच्या माणसांना आपण कधी कुठे नेलंत का? आधी त्यांना न्यावं."

नेहमीसारखं पाच मिनिटांत उत्तर आलं नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. टकटक सुरू व्हायची, थांबायची, परत सुरू व्हायची. मला वाटलं, दुखावले. मग वाटलं, दुखावू देत. पाऊण तासाने उत्तर आलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे, जसंच्या तसं सांगते.

"ताई, आपण बोललात ते बरोबर आहे. मी खिडकीत कधी स्वतःबद्दल बोललो नाही, पण आपला गैरसमज नको म्हणून लिहितो. आपल्यासाठी जातो आहे हे अर्धंच खरं आहे. माझ्या बायकोचाही डावा गुडघा खराब आहे. तिला हा दीपस्तंभ बघायचा आहे, आणि मी तिला टाळत आलो. खरं कारण तिला कधी सांगितलं नाही. मी हजारो लोकांना गावोगावी पाठवलं, पण स्वतः नव्या जागी गेलो की मला काही सुचत नाही. कुठे उभं राहायचं, कोणाला विचारायचं, कळत नाही. तिला वाटतं मला सगळं ठाऊक असतं. त्यात तिला अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं, तर तिचा चेहरा मला बघवणार नाही. आपण कठड्याबद्दल विचारलंत तेव्हा मनात आलं, की हे सगळे प्रश्न तिच्यासाठी मीच विचारायला हवे होते. म्हणून आधी एकटा जाऊन मोजून येतो. जमण्यासारखं असेल तर तिला रविवारी नेतो. नसेल तर तिला कशाला कळू द्यायचं. आपण घरच्यांचं विचारलंत म्हणून सांगितलं. क्षमस्व. खिडकी तीन."

मी काय सांगू. मी पडदा तोंडात कोंबून रडले. पलंगाशेजारचाच, मीच शिवलेला. या माणसाला मी आळशी म्हटलं, चिकट म्हटलं, बघू-बघू करणारा म्हटलं, आणि हा भित्रा निघाला. साधा, सरळ भित्रा. भित्रा आहे हे मला आधी सांगितलं असतं, तर मी हात धरून नेलं नसतं का? तीस वर्षं मी परक्या घरांच्या बेल वाजवून आत शिरलेली बाई. मला कुठे भीती वाटते? आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांची भलतीच काळजी करत बसलो होतो.

आणि रडून झाल्यावर मला परत राग आला. अर्ध्या वाटेतून परत यायचं दुःख मला होणार होतं, मग ते मला झेपेल की नाही हे यांनी परस्पर ठरवायचं? मी तोंड धुतलं, कपाटावरची बॅग काढली, ती घेऊन बाहेर गेले. हे इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरकडे बघत बसले होते, ताईंच्या उत्तराची वाट बघत. मी बॅग टेबलावर ठेवली, अगदी यांच्या चष्म्यासमोर.

मी म्हटलं, "मला अर्ध्या वाटेतून परत आलेलं चालेल."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे. मग परत माझ्याकडे, आणि माझ्या गुडघ्याकडे. हिशोब लागायला वेळ लागला, पण लागला तेव्हा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता चिडतील, की तू मला बनवलंस. मीही कंबर कसून उभी होते, उत्तराला उत्तर तयार होतं.

हे हळूच म्हणाले, "प्रश्न फार नेमके होते गं."

"मग उत्तरं द्या. माझ्याबरोबर येऊन द्या."

"मला तिथलं काहीच माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे," मी म्हटलं. "विचारत विचारत जाऊ."

शुक्रवारी सकाळी निघालो. धाकटी सोडायला आली, आणि म्हणाली बाबा, एक तरी रील काढा. बसचे चार तास हे खिडकीतून बाहेर बघत प्रत्येक थांब्याचं नाव माझ्या आधी सांगत होते, तोपर्यंत राजे होते. बंदरावर उतरलो आणि खरंच यांचा चेहरा उतरला. तीन धक्के, तीन रांगा, कुठे पाटी नाही. हे बॅग छातीशी धरून मधोमध उभे. मी बघितलं, कोपऱ्यात चौकशीची खिडकी होती. मी म्हटलं, जा, विचारा. मी पुढे होणार नव्हते. हे गेले, काचेच्या भोकाशी वाकले, आणि मी पहिल्यांदाच यांना त्या बाजूने उभं असलेलं बघितलं. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, तिथेच कुठेतरी लागेल बोट. मला हसू आवरेना. पण आमचे हे हलले नाहीत. म्हणाले, साहेब, बायकोचा गुडघा दुखतो, चुकीच्या रांगेत उभं राहणं तिला परवडणार नाही, नेमका धक्का सांगा. आतल्या माणसाने मान वर केली. मग तो बाहेर आला आणि बोटीच्या फळीपर्यंत आम्हाला सोडून गेला. बोटीत यांची छाती दोन इंच पुढे होती.

पायऱ्या कड्यात कोरलेल्या होत्या, रुंद आणि बुटक्या. कठडा होता, पण फक्त उजवीकडे. माझा डावा गुडघा. हे म्हणाले, थांब, आणि माझ्या डावीकडे येऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर हात टाकून मी चढायला लागले आणि हे मोजायला लागले, मोठ्याने, फलाटावर गाडी लावताना पुकारतात तसे. उतरणारे लोक आमच्याकडे बघून हसत होते, आम्हीही हसत होतो. पन्नासला थांबलो, नव्वदला थांबलो, पाणी प्यायलो. एकशे दहाच्या पुढे गुडघ्याने बोंब मारायला सुरुवात केली. एकशे एकतीसाव्या पायरीला कडा वळतो. तिथे एक दगडी बाक आहे, आणि समुद्र एकदम दोन्ही बाजूंनी दिसतो. दीपस्तंभ वर, पांढराशुभ्र, मान मागे टाकली की अख्खा डोळ्यांत मावतो. मी बाकावर बसले आणि कळलं, की आता हा पाय वर जाणार नाही.

मी यांचा चेहरा बघितला. ज्या चेहऱ्याची यांना भीती वाटत होती तो माझा होता, पण पडलेला यांचा. मी म्हटलं, मला इथून दिसतोय तो, चांगला दिसतोय, छत्तीस वर्षांत एवढा जवळ कधीच नव्हता. आणि मला खरंच तसंच वाटत होतं, यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. मग म्हटलं, तुम्ही जा वर, मोजून या, तुमचं उत्तर अर्धं राहील. उतरणाऱ्या दोघांना यांनी विचारलं. एक म्हणाला पन्नासेक असतील, दुसरा म्हणाला छे, दीडशे. हे कपाळाला हात लावून उठले. पाच पायऱ्या चढले. थांबले. वळून बाकाकडे बघितलं, आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसले.

बराच वेळ बसलो. मग यांनी फोन काढला आणि एका बोटाने कट्ट्यावर लिहायला घेतलं. सुरुवातच 'ताई' अशी केली. मी म्हटलं, अहो, बायकोला ताई काय लिहिता. तर म्हणाले, कट्ट्यावर सगळ्यांना ताईच लिहायचं असतं. लिहून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला, वाचून बघ म्हणाले, काही राहिलं का.

"ताई, धक्क्यापासून पहिल्या बाकापर्यंत पायऱ्या एकशे एकतीस, खात्रीने. पायरी सहा इंच उंच. कठडा फक्त उजवीकडे. डावा गुडघा दुखत असल्यास डावीकडे आपलं माणूस लागेल. बाकावर दोघांना व्यवस्थित बसता येतं. त्यापुढच्या पायऱ्या मोजल्या नाहीत."

मी सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. चौतीस वर्षं खिडकीत आणि पाच वर्षं कट्ट्यावर, या माणसाने अर्धवट माहिती कोणाला दिली नव्हती.

"काही राहिलं नाही," मी म्हटलं. "पाठवा."